क्लास लावला म्हणजे भाषा आली?

मोशीतल्या कुठल्याही नव्या सोसायटीत आठवडाभर लिफ्टने वर-खाली करा. "जर्मनचा क्लास लावलाय" हे वाक्य एकदा तरी कानावर पडणारच. आणि का पडू नये? २००९ साली शेजारच्या चाकणमध्ये फोक्सवागन आणि मर्सिडीज दोघांचे कारखाने उभे राहिले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीने नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी 'चान्सेनकार्टं' सुरू केलं, त्यात जर्मनची ए१ पातळी किंवा इंग्रजीची बी२ चालते. तेव्हा जर्मन शिकायची इच्छा अगदी योग्य आहे. माझं भांडण इच्छेशी नाही, त्या 'लावलाय' या क्रियापदाशी आहे.

आपण क्लास लावतो, जसा डबा लावतो किंवा पेपर लावतो. एकदा पैसे भरले की वस्तू घरपोच यायला हवी! भाषा मात्र घरपोच येत नाही हो.

हिशेब बघा. मोशीहून डेक्कनला जायचं म्हणजे वीसेक किलोमीटर. वाटेत भोसरी, नाशिक फाटा आणि आपलं लाडकं ट्रॅफिक. शनिवारी तीन तास क्लास, रविवारी तीन तास क्लास आणि जवळपास तितकाच वेळ रस्त्यावर. बरं, त्या तीन तासांत वीस-पंचवीस जणांच्या बॅचमध्ये तुमच्या वाट्याला बोलायची किती मिनिटं येतात? मोजून पाच-सात. बाकीचा वेळ दुसऱ्याच्या चुका ऐकायच्या आणि वहीत तक्ते उतरवायचे. मग सोमवार ते शुक्रवार वही बंद. पुढच्या शनिवारी निम्मं विसरलेलं असतं, सर पुन्हा सांगतात आणि आपण पुन्हा लिहून घेतो.

यात नवल काहीच नाही. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच सगळ्यात वेगाने पुसलं जातं. आठवड्यातून दोनदा भरपूर ओतण्यापेक्षा रोज थोडं शिंपडलेलं टिकतं. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाचे १८० तास होतात, तेही पेट्रोल न जाळता!

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. आपण जर्मन शिकतो ती इंग्रजीतून. व्याकरण इंग्रजीत, अर्थ इंग्रजीत, उदाहरणं इंग्रजीत. अरे, पण आपल्याकडे त्याहून सोयीचा पूल आहे ना! 'मिअर इस्ट काल्ट' हे वाक्य घ्या. इंग्रजीत माणूस स्वतःच 'कोल्ड' होतो. जर्मनमध्ये 'मला' थंडी वाजते, अगदी मराठीसारखी. 'दास गेफेल्ट मिअर' म्हणजे 'ते मला आवडतं'. हा 'मला' इंग्रजीतून समजावायला अर्धा तास लागतो, मराठी पोराला अर्धं मिनिट. 'वाइल इश क्रांक वार' बघा. शब्दाला शब्द ठेवला की 'कारण मी आजारी होतो'. क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजीवाले डोक्याला हात लावतात, आपण तर जन्मापासून ते शेवटीच ठेवतोय.

आणि ते कुप्रसिद्ध डेर-डी-दास? तो-ती-ते! 'मुलगी' हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, यावर क्लासात हशा पिकतो. आपण 'ते पोरगं', 'ते लेकरू' म्हणतो तेव्हा हसतो का? अर्थात प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही. चंद्र दोन्हीकडे पुरुष, पण सूर्य तिकडे बाई आहे. तेवढं पाठ करावं लागतं. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं ही कल्पनाच पचवण्यात जे दिवस जातात, ते आपले वाचतात. हे कोणी सांगत नाही, कारण 'फॉरेन लँग्वेज' मराठीतून शिकायची म्हणजे आपल्याला कमीपणा वाटतो. असो.

मग करायचं काय? फार काही नाही.

पहिलं, ऐका. डॉइचे वेलेची 'निकोज वेक' ही फुकट मालिका आहे. निको नावाचा पोरगा जर्मनीत उतरतो आणि बॅग हरवून बसतो, तिथून गोष्ट सुरू. एक भाग तीनदा बघा: एकदा नुसता, एकदा मजकूर वाचत आणि एकदा थांबून-थांबून त्याच्या मागोमाग मोठ्याने बोलत. थोडं कळायला लागलं की टागेसशाउच्या सोप्या भाषेतल्या बातम्या लावा, त्या २०२४ पासून येतात. ज्यांना फुटबॉल आवडतो त्यांनी बुंडेसलीगाची कॉमेंट्री लावावी, ज्यांना स्वयंपाक आवडतो त्यांनी पाककृती बघाव्यात. जे तुम्ही मराठीतही आवडीने बघाल तेच बघा. कंटाळा आला की माणूस सोडून देतो, हे जिमच्या वर्गणीने आपल्याला शिकवलेलंच आहे.

दुसरं, चिठ्ठ्या. सेबास्टियान लाइटनरने १९७२ च्या पुस्तकात सांगितलेली खोक्याची युक्ती: उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात आणि तिची पाळी उशिरा, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. 'अंकी' हे सॉफ्टवेअर हेच काम करतं. पण चिठ्ठीवर सुटा शब्द नको, अख्खं वाक्य लिहा आणि मागे मराठी अर्थ. दुसऱ्याचा तयार संच उतरवू नका. स्वतः बनवलेली चिठ्ठी बनवतानाच निम्मी पाठ होते.

तिसरं, तोंड उघडा. रोज दोन मिनिटं, आज काय झालं ते फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ते विचित्र 'यू' जमत नसेल तर 'उ' म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करून 'ई' म्हणा. आणि आठवड्यातून एकदा एखाद्या मित्राला धरून फक्त जर्मनमध्ये बोला. चहाच्या टपरीवर लोक हसतील, हसू देत.

आता तुम्ही म्हणाल, सर्टिफिकेटचं काय? परीक्षा वेगळी आणि क्लास वेगळा! मॅक्स म्युलर भवनात क्लास न लावताही बाहेरून परीक्षेला बसता येतं. दुसरा मुद्दा, चुका कोण सुधारणार? मान्य, चांगला शिक्षक सोन्यासारखा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारखी जुनी परंपराही आहे. पण शिक्षकाकडे तयारी करून, लिहिलेलं आणि अडलेलं घेऊन जा. ते काम महिन्यातून दोन तासांत होतं. प्रोग्रामिंग आपण असंच शिकलो ना? कोड आधी लिहिला, मग रिव्ह्यूला दिला. तिसरा आक्षेप, शिस्त राहत नाही. जो स्वतःसाठी रोज अर्धा तास काढू शकत नाही, त्याला फीची पावती शिस्त लावेल हा भ्रम आहे. सलग दिवसांचा आकडा मिरवणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. तिथे आकडा वाढतो, भाषा तिथेच.

हे सगळं एवढ्या तावातावाने का लिहितोय? कारण 'क्लासशिवाय भाषा येत नाही' या समजुतीची किंमत सगळ्यात जास्त तेच मोजतात ज्यांना क्लास परवडत नाही. चाकणला फिरत्या शिफ्टमध्ये काम करणारा आयटीआयचा पोरगा शनिवारी सकाळी डेक्कनला कसा पोचणार? तान्हं मूल घरी असलेली नर्स कशी जाणार? खरं तर त्या नव्या वाटांची गरज त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि तेच 'आपल्याला नाही जमायचं' म्हणून गप्प बसतात.

त्यांना सांगा, १९४२ नंतरच्या कारावासात विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चारही भाषा शिकून घेतल्या. तिथे बॅच नव्हती. आणि विनोबा फार मोठे वाटत असतील तर कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याकडे बघा. गावाहून आला तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, आज तो "ताई, तिखट की मध्यम?" विचारतो, उधारी मागतो, भांडतोसुद्धा मराठीत. त्याने काय केलं? रोज ऐकलं, रोज चुकीचं बोलला, लोक हसले तरी थांबला नाही.

उद्या सोमवार. कंपनीच्या बसमध्ये अर्धा तास आहेच, हेडफोनही आहेत. निकोची बॅग कुठे गेली ते तरी बघा!