बैलाला डॉक्टरचा दाखला लागतो, माझ्या भावाला नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले. इंग्रजीत टाइप केलेला फॉर्म, घाईत तिरका काढलेला. खाली त्याचा मेसेज: ‘ताई, वाचून सांग नं, सही कुठे करू.’

ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचतं, त्या माणसाला हे काम नवीन नसतं. जातपडताळणीतली त्रुटी, बँकेची नोटीस, दवाखान्यातलं ऑपरेशनआधीचं संमतीपत्र, सगळं फिरून आपल्याकडेच येतं. मी दिल्लीत समाजशास्त्रात पीएच.डी. करते, विषय कंत्राटी कामगारांचा. पण उत्तर नागपुरातल्या माझ्या नातेवाइकांसाठी मी ‘इंग्रजी वाचता येणारी’ आहे, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

भाऊ एकवीस वर्षांचा आहे. दिवसा कुरिअरच्या गोदामात माल चढवतो, संध्याकाळी जिममध्ये जातो. आधी बॉक्सिंग करायचा, दोन वर्षांपासून एमएमए. शेजारच्या जिल्ह्यात एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर पिंजरा उभारून ‘फाइट नाइट’ होणार होती, त्याचा तो फॉर्म. मजकुराचा सारांश असा: मी स्वखुशीने लढतो आहे, दुखापत, अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास मी वा माझे वारस आयोजकाकडे काहीही मागणार नाही, व्हिडिओचे सगळे हक्क कायमचे आयोजकाचे. जिंकल्यास आठ हजार, हरल्यास तीन. तिन्ही पानांवर डॉक्टर हा शब्द नव्हता. ॲम्ब्युलन्स नव्हती, विमा नव्हता. समोरचा माणूस किती वजनाचा असेल हेही नव्हतं.

सही करू का, असं त्याने विचारलंच नव्हतं. कुठे करू, एवढंच विचारलं होतं.

मग मी शोधायला लागले की हा कागद नेमका कुठल्या कायद्याखाली येतो. जे सापडलं ते इथे मांडते आहे, कारण असे फॉर्म तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर येत असणार.

आपल्याकडे दोन प्रौढ माणसं ठरवून एकमेकांना मारतात तेव्हा तो गुन्हा का ठरत नाही, याचं उत्तर १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८७ मध्ये होतं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये जवळपास तसंच आलं आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल, आणि कृत्याचा हेतू मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा नसेल, तसं घडण्याचा संभवही माहीत नसेल, तर तो गुन्हा नाही. उदाहरण दिलंय ते मजेदार आहे: अ आणि झ हे दोघे करमणूक म्हणून पट्टेबाजी खेळायचं ठरवतात. म्हणजे दोन साहेब, संध्याकाळचा वेळ, हातात तलवारी. तीन हजारांसाठी पिंजऱ्यात उतरणारा गोदामातला पोरगा त्या उदाहरणात बसत नाही. करमणूक त्याची नसतेच, ती खुर्च्यांवर बसलेल्यांची असते.

आणि संमती या शब्दाशी आपल्या समाजाची ओळख जुनी आहे. गटारात उतरणारा माणूसही ‘स्वखुशीने’च उतरायचा. ठेकेदाराकडे त्याची सही किंवा अंगठा असायचा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करून घेण्यावरच बंदी घातली; उतरणाऱ्याने हो म्हटलं होतं का, हा प्रश्नच तिथे उरला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. अंमलबजावणी किती होते ते आपण जाणतो. पण निदान तत्त्व मान्य झालं की भुकेल्या माणसाच्या सहीने मालकाची जबाबदारी संपत नाही. भावाच्या फॉर्मलाही तेच लागू आहे. निष्काळजीपणाच्या फौजदारी जबाबदारीतून असा कागद आयोजकाला सोडवत नाही. तो कोर्टात टिकावा म्हणून नसतोच. पोरगा मेल्यावर त्याच्या आईने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, एवढ्यासाठी असतो.

जुलै २०२२ मध्ये बंगळूरमध्ये किकबॉक्सिंगच्या राज्यस्तरीय म्हणवल्या गेलेल्या स्पर्धेत म्हैसूरचा २३ वर्षांचा खेळाडू ठोसा लागून कोसळला आणि रुग्णालयात वारला. जागेवर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, अशी कुटुंबाची तक्रार होती. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. म्हणजे राज्यसंस्था तिथे पोचली, पण मरणानंतर. आधी तिने दार ठोठावावं असा नियमच नाही.

कोणी म्हणेल, बॉक्सिंगला महासंघ आहे की. आहे, आणि तो हौशी बॉक्सिंगचा आहे: ऑलिंपिक, राष्ट्रीय स्पर्धा, रेल्वे आणि सेनादलांच्या भरतीतला खेळाडूंचा कोटा. त्याच्या चौकटीत निदान वजन होतं, डॉक्टर तपासतो, वैद्यकीय नोंद राहते. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही मान्यताप्राप्त संघटनांच्या कारभारासाठी आहे. लॉन भाड्याने घेऊन तिकिटं विकणारा खाजगी आयोजक त्यातून सहज निसटतो. व्यावसायिक बॉक्सिंग आणि एमएमएच्या खाजगी मंडळांचे आपापले नियम आहेत, काहींचे चांगलेही असतील, पण ते पाळले नाहीत तर परवाना काढून घेणारं कोणी नाही. कारण परवानाच नाही.

हे काम राज्यांचं आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ३३ व्या नोंदीत खेळ आणि करमणूक आहे. राज्यांना ते जमत नाही असंही नाही. मुंबई प्रांतात घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानाला परवाना लागेल असा कायदा १९१२ मध्येच झाला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, धावेच्या अंतराला मर्यादा आहे. बैलाला हे मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, मिळायलाच हवं. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला आणि गोविंदाच्या मृत्यूला दहा लाखांची मदत जाहीर झाली. तेही योग्यच. फक्त हंडीच्या व्यासपीठावर पुढारी असतात आणि पिंजऱ्याभोवती नसतात, एवढा फरक नोंदवून ठेवते.

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर आहेत. एक अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असं धरतात. एकलव्याच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाला ते पान वाचताना थांबायला होतं. पण तो दर लागू व्हायला आधी कामगार असावं लागतं, आणि फॉर्मच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की लढणारा आयोजकाचा नोकर नाही.

नियम नेमकं काय करतात, हे अमेरिकेत पाहता येतं, कारण तिथे राज्याराज्यांत खेळाडूंना आणि आयोजकांना परवाना देणारे आयोग आहेत. १९९६ च्या तिथल्या केंद्रीय कायद्याने व्यावसायिक बॉक्सिंगला किमान अटी घातल्या: लढतीआधी डॉक्टरची तपासणी, रिंगजवळ डॉक्टर, जागेवर ॲम्ब्युलन्स किंवा जीव वाचवण्याची साधनं असलेलं पथक, प्रत्येक बॉक्सरचा आरोग्यविमा. नॉकआउटमुळे एका राज्याने खेळण्यास मनाई केली असेल तर तो दुसऱ्या राज्यात जाऊन लढू शकत नाही. ही शेवटची अट साधी दिसते, पण तीच खरी. डोक्याला मार बसल्यावर कवटीच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं. माणूस चालत कपडे बदलायला जातो, बोलतो, आणि तासाभराने कोसळतो. एका माराने हललेला मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे शनिवारी एका गावात पडलेला मुलगा पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात उभा राहतो. पैसे हवे असतात, आणि आयोजकाला विचारायचं कारण नसतं.

आयोग असला की सगळं ठीक होतं असंही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मागोमेद अब्दुसलामोव्ह हा दागेस्तानचा बॉक्सर दहा फेऱ्या मार खाऊन बाहेर पडला आणि टॅक्सीने दवाखान्यात गेला. मेंदूत रक्ताची गाठ होती, तो कायमचा अपंग झाला. पण तिथे जबाबदार कोण हे ठरलेलं होतं. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने २ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड केली. अशीच घटना लॉनवर घडली असती तर मावशीने कोणावर दावा लावला असता?

इथपर्यंत मी हे विद्यापीठातल्या एका मित्राला ऐकवलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, तू आणखी एक दरबान मागते आहेस. परवाना देणारे कोण असतील ते तुला माहीत नाही का? त्याचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. लुइझियानाच्या राज्य ॲथलेटिक आयोगाचा नियमच होता की काळा आणि गोरा बॉक्सर एका रिंगमध्ये लढणार नाहीत. जोसेफ डॉर्सी या काळ्या बॉक्सरने त्याविरुद्ध दावा लावला, १९५८ मध्ये तो नियम रद्द झाला आणि १९५९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. स्पर्शावर नियम करणारी सरकारी समिती म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मुहम्मद अलींनी एप्रिल १९६७ मध्ये सैन्यात जायला नकार दिला, तेव्हा खटला उभा राहायच्या आधीच न्यूयॉर्कच्या आयोगाने त्यांचा परवाना थांबवला. १९७० मध्ये कोर्टात उघड झालं की याच आयोगाने गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या दोनशेहून अधिक लोकांना परवाने दिले होते. आणि अली रिंगमध्ये परतले ते अटलांटात, जॉर्जियात, कारण त्या राज्यात आयोगच नव्हता.

म्हणजे नियमांच्या अभावानेच अलींना वाट दिली. हे मी लपवत नाही. पण अली अली होते. त्यांच्यामागे वकील होते, अटलांटाचा काळा सिनेटर होता, जगभरचे कॅमेरे होते. नियमांच्या अभावातून वाट काढायलाही आधी कोणीतरी असावं लागतं.

म्हणून माझा आग्रह आयोगावर जितका आहे तितकाच त्यातल्या खुर्च्यांवर आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत त्रिपक्षीय कामगार परिषद भरली: सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी. कामाच्या नियमांवर कामगार बोलणार, हे तिथे गृहीत होतं. पिंजऱ्याच्या नियमांनाही तेच लावा. मंडळात निम्मे तरी लढलेले, लढणारे स्त्री-पुरुष हवेत, आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींचं प्रतिनिधित्व कायद्यात लिहिलेलं हवं. २०२५ च्या कायद्याने क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत महिला आणि खेळाडूंसाठी जागा ठेवल्या, हे चांगलं झालं. जातीपाशी येऊन तो थांबला. बाकी अटी साध्या आहेत: आयोजकाला परवाना आणि अनामत, विमा, ॲम्ब्युलन्स आली नाही तर कार्यक्रम रद्द, नॉकआउटची नोंद देशभर दिसेल अशी एकच नोंदवही, आणि फॉर्म लढणाऱ्याच्या भाषेत. शेवटची अट कोणाला किरकोळ वाटेल. माझ्यासाठी तीच पहिली आहे.

बंदीचा सूर मला मान्य नाही. ब्रिटनमधली डॉक्टरांची संघटना १९८२ पासून बॉक्सिंगवर बंदी मागते आहे, त्यांची कारणं खरी आहेत. पण न्यूयॉर्कने १९९७ ते २०१६ व्यावसायिक एमएमए बंद ठेवलं, आणि त्या काळात तिथे हौशीच्या नावाखाली आयोगाच्या देखरेखीविना लढती होत राहिल्या. आपल्याकडे बंदी आली तर लॉनवरचा पिंजरा गोदामात जाईल. ‘हिंसक खेळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या मुलांना जिमबाहेरही दारं उघडी असतात. माझ्या भावाला त्या पिंजऱ्यात जे मिळतं ते मी तुच्छ मानत नाही. गोदामात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, तिथे माइकवर मारतात.

फॉर्मचं काय झालं ते सांगते. मी त्याला म्हटलं, सही करायच्या आधी आयोजकाला तीन गोष्टी विचार: डॉक्टर कोण आहे, ॲम्ब्युलन्स उभी असणार का, विमा आहे का. त्याने विचारलं. आयोजक म्हणाला, ‘तुझ्या घरात लय शिकलेलं दिसतंय कोणी.’ दुसऱ्या दिवशी यादीत भावाच्या जागी दुसऱ्याचं नाव होतं, त्याच जिममधला एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याने काही विचारलं नव्हतं. तो लढला, हरला, तीन हजार घेऊन घरी आला. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा मेसेज आला. नवा फॉर्म, दुसरं शहर, हरल्यास चार हजार. या वेळी पानं चार आहेत, मृत्यूचा परिच्छेद ठळक अक्षरांत आहे, आणि सहीची जागा त्याने स्वतःच शोधून पेनाने गोल केली आहे.