खताची निवड कोणाची?

बटाट्याला कोणते खत द्यावे, हा प्रश्न वरकरणी निव्वळ कृषिशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो किमतीचा, पतपुरवठ्याचा आणि जमीनधारणेचाही आहे.

शास्त्र काय सांगते ते स्पष्ट आहे. बटाटा जमिनीतून नत्रापेक्षाही पालाश अधिक उचलतो. पालाशाने कंद पोसतो. नत्र मर्यादेबाहेर गेले की पाला माजतो, कंद धरण्यास उशीर होतो आणि काढलेला माल टिकत नाही. वेफर्सच्या कारखान्याला घन अंश जास्त असलेला बटाटा लागतो. त्यासाठी सल्फेट ऑफ पोटॅश अधिक बरे, कारण म्युरेटमधील क्लोराइडमुळे हा अंश घटतो. पण सल्फेट महाग. मालाची प्रत कारखान्याने ठरवावयाची आणि त्या प्रतीचा जादा खर्च शेतकऱ्याने सोसावयाचा, अशा कराराला न्याय्य म्हणता येणार नाही.

तरीही शेतात युरियाच अधिक पडतो. याचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे, पण ते खरे नाही. एप्रिल २०१० पासून केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश यांच्या किमती मोकळ्या सोडल्या व अनुदान अन्नद्रव्याच्या प्रमाणात ठरवले. युरिया मात्र नियंत्रणाखाली ठेवला. परिणाम असा की, सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मिळणारे म्युरेटचे पोते दोन-तीन वर्षांत आठशेच्या पुढे गेले, पुढे तर हजारही ओलांडले. युरियाचा दर मात्र २०१२ साली टनाला ५,३६० रुपयांवर स्थिर झाला तो नंतर दहा वर्षे हललाच नाही. पालाशासाठी देश परदेशांवर अवलंबून आहे. अशा स्थितीत गरीब शेतकरी स्वस्त तेच उचलतो. हा त्याचा निर्णय नव्हे, धोरणाने त्याच्यासाठी आधीच घेतलेला निर्णय होय.

त्यातही ज्याच्या नावावर सातबारा नाही, अशा बटाईदाराला सोसायटीचे दार बहुधा बंदच असते. तो दुकानदाराकडून उधारीवर खत घेतो. युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली तरी त्याला ती नाकारता येत नाही. मातीपरीक्षणाची पत्रिका हाती असूनही उधारीवरच्या माणसाला निवड नसते.

या कोंडीतून काही प्रमाणात वाट काढणारा उपाय म्हणजे आंतरपीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला पूर्वहंगामी ऊस थंडीत संथ वाढतो. दोन सऱ्यांमधली जागा तीन महिने रिकामीच असते. तेथे बटाटा घेतल्यास तो नव्वद-शंभर दिवसांत निघतो, काढणीच्या खोदकामाने उसाला आपोआप भर लागते आणि बटाट्याला दिलेल्या खताचा उरलेला अंश उसाच्या कामी येतो. अट एकच : बटाट्याची खतमात्रा स्वतंत्र द्यावयाची, उसाच्या वाट्यातून काढावयाची नाही. टोमॅटो मात्र बटाट्याच्या शेजारी नको. दोघांवर एकच करपा येतो.

परंतु ऊस पाण्याचा धनी आहे. सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा घेणाऱ्याला हा सल्ला निरुपयोगी ठरतो. त्याने बटाट्यामागून उरल्या ओलीवर हरभऱ्यासारखे द्विदल पीक घेणे, शेणखत वाढवणे आणि तेच पीक वर्षानुवर्षे त्याच वावरात न घेणे, एवढेच त्याच्या हाती आहे. बागायतदाराचा उपाय कोरडवाहूच्या माथी मारणाऱ्या प्रचारापासून कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पालाशावरील अनुदान युरियाच्या तोडीचे व्हावे. खताबरोबरच्या सक्तीच्या विक्रीवर कारवाई व्हावी. पीककर्जात आंतरपिकाचा खर्च धरला जावा आणि बटाईदारालाही सोसायटीतून खत मिळावे. गावोगावी मातीचे नमुने तपासून घेण्यास मदत करणे, हे कार्यकर्त्यांचे पहिले काम. त्या तपासणीप्रमाणे खत विकत घेण्याची ऐपत शेतकऱ्याला यावी यासाठी लढणे, हे दुसरे. दुसऱ्यावाचून पहिले म्हणजे कोरा उपदेश ठरेल.