फुकटची लस

आमच्या शिरपूरला वर्षं मोजता येतात. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला 1981 साली कुलूप लागलं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते 2023 साली उघडलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 42 वर्षं. मला बोलायचंय ते त्याच्या निम्म्या, 21 वर्षांबद्दल. ती गावात कुणी मोजली नाहीत.

सुरुवात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाली. पुण्यातल्या चुलतभावानं लेकीच्या लशीच्या पावतीचा फोटो टाकला. न्यूमोकोकलची लस, खाजगी दवाखाना, एका डोसला चार हजारांच्या घरात. खाली लिहिलं होतं, ‘आमची 13 वाली. सरकारी फक्त 10 वाली असते.’ गावाकडच्या वहिनीचा मुलगा नऊ महिन्यांचा होत आला होता. दीड महिना आणि साडेतीन महिन्यांचा डोस झालेला, बूस्टर बाकी. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. काकूनं दारातूनच परत पाठवलं. मला फोनवर म्हणाली, “तिकडे पुण्यात चार हजाराची भेटते मने, मंग हे फुकटची काय पाण्याची हाय? पोरगं चांगलं खेळून राह्यलं, त्याले कायले टोचता?”

काकूवर मी चिडलो नाही. चिडलो भावावर. शिकलेला माणूस आहे तो.

या लशीचा हिशेब त्याला माहीत नाही, म्हणून मांडतो. न्यूमोकोकस जंतूचे नव्वदहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या सात प्रकारांविरुद्धची लहान मुलांची पहिली लस अमेरिकेत 2000 साली आली. त्या सातांत 1 आणि 5 हे प्रकार नव्हतेच. ते गरीब देशांतल्या मुलांना जास्त छळायचे. लस कुणाच्या लेकरांसाठी बनली, हे त्या यादीतच दिसतं. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की बालमृत्यू जास्त असलेल्या देशांनी ही लस प्राधान्यानं द्यावी. 2009 मध्ये रवांडानं सुरू केली. रवांडानं! आपल्याकडे किंमत आणि आकडेवारी यांवर चर्चा चालत राहिली. 2017 मध्ये हिमाचल, बिहार आणि उत्तर प्रदेशचे काही भाग यांपासून सुरुवात झाली आणि महाराष्ट्राच्या सरकारी कार्यक्रमात ती 2021 साली आली. मधल्या काळात पुण्यामुंबईच्या खाजगी दवाखान्यांत ती मिळत होती, पैसे मोजणाऱ्याला.

आणि तेव्हा आमच्याकडे काय होतं? ‘डबा’ होता. लेकराचं पोट उडायला लागलं, श्वास भाता चालवल्यासारखा झाला की म्हातारी माणसं म्हणायची, डबा झाला. मग बिब्बा, मग डागणं, मग उशिरा दवाखाना. बंग दांपत्यानं गडचिरोलीत गावच्याच माणसांना श्वास मोजायला शिकवलं, अक्षरओळख नसलेल्यांसाठी मण्यांचं साधन केलं, प्रतिजैविक हाती दिलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू त्यानं कमी होतात हे त्यांनी 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं. म्हणजे विदर्भातली लेकरं कशानं मरतात हे जगाला तेव्हाच कळलं होतं.

किंमत हाच अडसर होता आणि ती आभाळातून पडलेली नव्हती. 2016 मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेनं फायझरनं देऊ केलेले 10 लाख डोस नाकारले. त्यांचं म्हणणं, दान नको, भाव कमी करा. मला तेव्हा हा हट्ट वाटला होता. आता वाटत नाही. पुढच्याच वर्षी भारतात 13 प्रकारांच्या लशीचं पेटंट फायझरला मिळालं, या संस्थेचा विरोध असताना. मग पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं 10 प्रकारांची न्यूमोसिल आणली. 2019 च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली. गरीब देशांसाठी भाव तेव्हा डोसमागे दोन डॉलर होता.

भावाचा मुद्दा खोटा नाही. 13 मधले 3, 4 आणि 18सी हे प्रकार न्यूमोसिलमध्ये नाहीत. पण आशिया-आफ्रिकेत जास्त आजार करणारे प्रकार बघूनच ती बनवलीय. पहिल्या लशीतून सुटलेले 1 आणि 5 तिच्यात आहेत. पैसे असतील तर 13 वाली घे, कोण अडवतंय? पण तुझ्या पावतीमुळे शिरपूरचं एक लेकरू बूस्टरशिवाय राहत असेल, तर तुझे ते तीन जास्तीचे प्रकार त्याच्या काय कामाचे?

कारण बूस्टर म्हणजे उरलासुरला डोस नव्हे. पहिल्या दोन डोसांनी आलेली ताकद काही महिन्यांत ओसरते, नवव्या महिन्याचा डोस ती पुन्हा वाढवून टिकवतो. नेमका तोच चुकतो. लेकरू खेळतं असतं, त्याच दिवशी गोवर-रुबेलाचीही सुई असते, सोयाबीनची घाई असते.

काकूला मी आणखी एक सांगितलं. हा जंतू लहान मुलांच्या नाकाघशात राहतो आणि तिथून म्हाताऱ्यांच्या फुप्फुसात जातो. अमेरिकेत मुलांना लस द्यायला लागल्यावर लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमधलाही हा आजार कमी झाला. आपल्याकडे साठीपुढच्यांना ही लस सरकारी दवाखान्यात सरसकट मिळत नाही. (तो भांडणाचा वेगळा विषय आहे, आणि मी भांडणार आहे.) काकूला दमा आहे, नातू दिवसभर तिच्याच मांडीवर असतो. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे आशाबाईनं नाई सांगतलं मले.” आशाताईंनी सांगितलंही असेल, दारातून किती ऐकू येतं?

वाशीम हा केंद्र सरकारच्या यादीतला ‘आकांक्षित’ जिल्हा. लसीकरणाची टक्केवारी तिथल्या तक्त्यात भरली जाते. तो तक्ता भरायला आशाताई तिसऱ्यांदा उन्हातून दारी येतात आणि आपण पुण्यात बसून एका वाक्यात त्यांचं काम पुसतो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. भावानं अंगठा दाखवला, पावतीचा फोटो काही काढला नाही. वहिनीनं संध्याकाळी वेगळा मेसेज केला. उपकेंद्रावर मंगळवारी लसीकरण आहे, कार्डावर नवव्या महिन्याचा रकाना रिकामा आहे, काकू सोबत येणार आहे.