तिसऱ्या पिनेची उपेक्षा

रोहिणी नक्षत्र लागले की पालघरच्या आकाशात वळवाचे ढग जमतात. वीज दूर शेतात पडते आणि इकडे घरातला टीव्ही कायमचा बंद होतो. 'घरावर तर पडली नाही, मग असे कसे?' हा प्रश्न मी नेहमी ऐकतो.

विजेच्या एका लोळातून साधारण 30 हजार अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहतो. त्याच क्षणी सभोवार विद्युतचुंबकीय स्पंद पसरतो आणि जवळच्या लांब तारांमध्ये विजेचा दाब उसळतो. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर 400 किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, तेव्हा सुमारे 1,400 किलोमीटर दूरच्या होनोलुलूत रस्त्यांवरचे काही दिवे विझले. तेथेही असाच स्पंद तारांतून घुसला होता.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असे धक्के पुष्कळदा पचवी. आजच्या चिपमध्ये वाहक आणि विद्युतरोधक थर एकावर एक रचलेले असतात. त्यांतले काही केसाहून हजारो पटींनी पातळ असतात. थोडा जादा दाबही त्यांना भोक पाडतो.

आतला थर नाजूक असेल, तर बाहेरचे थर भक्कम हवेत. 1969 साली सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या रचनेत हेच तत्त्व आहे: इंधनाभोवती धातूची नळी, त्याबाहेर जाड पोलादी पात्र, मग काँक्रीट. मात्र त्याच परिसरातल्या कित्येक घरांत तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन नावापुरतीच असते. भिंतीमागे अर्थिंगची तारच नसते. सर्ज प्रोटेक्टर आणला तरी उसळलेला दाब जमिनीत जायला वाट हवी ना?

त्यात वळीव येतो तो जमीन सर्वांत कोरडी असताना. कोरड्या मातीत अर्थिंग दुबळे होते. समुद्राची खारी हवा त्याचे जोड गंजवते.

थेट घरावर वीज पडली, तर एवढ्याने भागणार नाही. उंच इमारतीला तडितरक्षक हवाच. पण एरवीचे नुकसान पुष्कळ टळेल. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की घराचा ताबा घेताना नळाइतकीच अर्थिंगचीही तपासणी मागावी. सोसायट्यांनी दर मे महिन्यात जाणकार वायरमनकडून ते मोजून घ्यावे, खड्ड्यात पाणी घालावे. आणि ढग गडगडण्यापूर्वीच टीव्हीचा प्लग व केबल काढून ठेवावी.