दुसऱ्याच्या वेदनेचे अर्पण

फुटपाथवरचा बेवारस मनुष्य मरण पावला की आम्हां ख्रिस्ती माणसांच्या औदार्याला भरते येते. शवपेटी येते, फुले येतात, मिस्साही अर्पण होते. तत्पूर्वी तो कर्करोगाने आठवडेच्या आठवडे तळमळत असतो, तेव्हा आम्ही कोठे असतो?

१९५२ साली संत मदर तेरेसांनी कालीघाटला ‘निर्मल हृदय’ उघडून अशांना छप्पर दिले. हे ऋण मोठेच. परंतु तेथे प्रभावी वेदनाशामके नसल्याचे ‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ साली लिहिले, तेव्हा आमच्यातील पुष्कळांना फक्त राग आला.

वेदना ही कृपा आहे, असे आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो. प्रभूने गंधरसमिश्रित द्राक्षारस नाकारला, हा दाखलाही देतो. प्रभूने तो स्वतःसाठी नाकारला. शेजारच्या चोराच्या तोंडचा प्याला हिसकावला नाही! असह्य वेदनेवर औषध द्यावे, त्याने आयुष्य किंचित घटले तरी चालेल, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितले आहे.

मॉर्फिनची गोळी महाग नाही. २०१४ साली कायदाही सैल झाला. अडते ते निराळ्याच जागी. नातेवाईक कोण? सही कोण करणार? रात्री गोळी कोण देणार? या प्रश्नांना धर्मग्रामाने ‘आम्ही’ असे उत्तर का देऊ नये? एक खोली, एक प्रशिक्षित परिचारिका, आठवड्यातून एकदा डॉक्टर, एवढीच आमची मागणी आहे.

पैसा नाही म्हणतात. आमच्या सभागृहाला गेल्या वर्षी नव्या फरश्या बसल्या, लग्नाच्या जेवणावळींसाठी. मागच्या खोलीत मात्र मोडक्या खुर्च्या पडून आहेत.