डाउन्टनच्या वाड्यातील दया

'डाउन्टन ॲबी' ही इंग्रजी दूरचित्रवाणी मालिका २०१० ते २०१५ ह्या काळात सहा पर्वांत दाखवली गेली. तिच्यावर २०१९, २०२२ व २०२५ साली तीन चित्रपट निघाले. आणि आमच्या परिचयाच्या सुशिक्षित घरांत तिची स्तुती अद्याप ओसरलेली नाही. त्या स्तुतीत आम्हांस सहभागी होता येत नाही. दिवंगत मॅगी स्मिथ ह्यांचा अभिनय, हायक्लेअरचा प्रासाद, वेशभूषा ह्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखक ज्युलियन फेलोज ह्यांच्याविरुद्ध, आणि ती अपेक्षाभंगाची आहे. ह्याच लेखणीने २००१ सालच्या 'गॉस्फर्ड पार्क' ह्या चित्रपटात एका धनिकाने आपल्या कारखान्यातील मुलींची काय गत केली, ते भीडभाड न ठेवता सांगितले होते.

मालिकेचा आरंभ एप्रिल १९१२ मधला. टायटॅनिक बुडते, वारस जातो, आणि मालमत्ता पुरुष वारसाकडेच जावी ह्या जुन्या निर्बंधामुळे उमरावाच्या तिन्ही कन्या वंचित ठरतात. हा पेच इतका नीट उलगडला आहे की आमच्यासारख्या वकिलानेही मान डोलवावी. मग माडीवरच्यांचा कायदा ज्याला एवढा अवगत, त्याला तळघरातल्यांचा कायदा का सुचू नये?

कारण त्याच वर्षी, जुलै १९१२ पासून, राष्ट्रीय विम्याचा कायदा अमलात आला. घरगड्यांना व मोलकरणींना आजारपणात साहाय्य हक्काने मिळावे आणि वर्गणीचा वाटा धन्यानेही भरावा, ही त्यातील तरतूद. तिच्याविरुद्ध नोव्हेंबर १९११ मध्ये लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये मालकिणींची मोठी सभा भरली. विम्याची तिकिटे आम्ही चिकटवीत बसायचे काय, हा त्यांचा संताप! आणि त्या सभेत मोलकरणीही मालकिणींच्याच बाजूने आल्या होत्या. ह्याहून मोठे नाट्य कोणत्या नाटककाराला हवे? मालिका त्याच्या वाटेस जात नाही. तिथे स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर ह्यांची दृष्टी अधू झाली की लॉर्ड ग्रँथम त्यांना स्वखर्चाने लंडनला धाडतात. मिसेस ह्यूज ह्यांना कर्करोगाची शंका येते तेव्हा मालकीणबाई अभय देतात. लंगड्या बेट्सला आधी काढून टाकले जाते आणि मग निघालेली मोटार थांबवून परत घेतले जाते. हक्क जिथे उभा राहू शकला असता, तिथे लेखकाने दया आणून बसवली आहे.

शिफारसपत्राचेही तेच. ते देण्याचे बंधन इंग्रजी कायद्याने धन्यावर नव्हते, आणि त्यावाचून दुसरे घर मिळणे दुरापास्त. थॉमस बॅरोवर हा प्रसंग गुदरतो खरा. पण त्याची नोकरी टिकते ती बव्हंशी लॉर्डसाहेबांना क्रिकेटचा सामना जिंकायचा असतो म्हणून! असो.

दयाळू धनी नव्हतेच काय, असे कोणी विचारील. होते की. आपल्याकडेही 'घरचाच माणूस' म्हणून ज्याला गौरवितात, त्याचा पगार वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. धन्याचा स्वभाव फिरला तर त्याने काय करावे, हा प्रश्न मालिका स्वतःला कधी गंभीरपणे विचारीत नाही.

ग्वेन ह्या मोलकरणीचेच पाहा. ती पोटाला चिमटा घेऊन टंकलेखन यंत्र विकत घेते, टपालाने शिक्षण घेते, आणि कचेरीत नोकरी मिळवून वाडा सोडते. सहाव्या पर्वात ती पाहुणी म्हणून त्याच वाड्यात जेवावयास येते. तेव्हा मेजावर गौरव होतो तो तिच्या कष्टांचा नव्हे, तर तिला साहाय्य करणाऱ्या, आता हयात नसलेल्या धाकट्या कन्येच्या थोर अंतःकरणाचा.