सक्ती हवी? आधी गोळ्या तरी ठेवा!

‘काही केलंय का त्यानं? नाही ना? मग काही केलं की कळवा.’ घरात मनोरुग्ण असलेल्या आम्हा लोकांना पोलीस ठाण्यात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. शेजारी पाण्यात विष कालवतात म्हणून त्यानं अन्नपाणी सोडलं, तेव्हा मीही ते ऐकलं. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, एवढाच काय तो उपकार.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 100 साहेबांनी कधी वाचलं असेल? आजारामुळे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात पोचवणं हे ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. मेहेरबानी नव्हे, कर्तव्य. कलम 89 सांगतं की रुग्णाच्या मनाविरुद्ध भरती करायला त्यानं कुणाचं डोकं फोडलेलं असायला हवं असं नाही. स्वतःची काळजी घेता येत नाही आणि त्यातून जिवावर बेतू शकतं, एवढंही पुरतं. मात्र नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. मुदत 30 दिवस. पुढे वाढवायची तर पुनर्विलोकन मंडळाची परवानगी: आधी 90 दिवस, मग 120, मग 180.

कुंपण कडक आहे आणि ते असायलाच हवं. नको झालेल्या बायकोला ‘वेडी’ ठरवून आत टाकणारे नवरे आणि जमिनीसाठी भावाला डांबणारे भाऊ आपल्याच गावातले आहेत. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही. 28 जण गेले. आजच्या कायद्यात साखळदंडांना सक्त मनाई आहे, ती उगाच नाही.

पण शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्या आम्हा घरच्यांच्या, बैठकीत हल्ली वेगळाच सूर निघतो. ‘कायद्यानं आमचे हात बांधले. डिस्चार्जनंतर गोळ्या घेण्याची सक्ती करा, परदेशात आहे तशी.’ त्यांचा वैताग मला कळतो. आजार आहे हेच रुग्णाला मान्य नसतं, गोळ्या उशीखाली सापडतात, चार महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आपल्या कायद्यात अशी सक्ती नाही. म्हणून घरोघरी गुपचूप वरणात गोळी कुस्करली जाते. नाहीतर एखाद्या खासगी केंद्राला फोन जातो. रात्री चार दांडगी पोरं गाडी घेऊन येतात, माणसाला उचलतात, आणि महिन्याच्या पैशाखेरीज कुणी काही विचारत नाही. ना प्रतिनिधी, ना तपासणी, ना मंडळ.

तरीही ही मागणी मला मान्य नाही. न्यूयॉर्कमध्ये 1999 साली ‘केंड्राज लॉ’ आला. केंड्रा वेबडेल या तरुणीला एका स्किझोफ्रेनियाग्रस्तानं रेल्वेखाली ढकललं होतं. त्याला म्हणे उपचार नको होते? उलट तो पुन्हा पुन्हा मदत मागत रुग्णालयांच्या दारात गेला होता आणि दर वेळी थोडक्यात वाटेला लावला गेला होता. व्यवस्थेनं हाकललेल्या माणसाच्या गुन्ह्यावरून रुग्णांवर सक्ती आली! इंग्लंडनं 2008 मध्ये घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी असेच सक्तीचे आदेश आणले. 2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 336 रुग्णांच्या चाचणीचा निकाल छापून आला. वर्षभरात पुन्हा भरती झालेले 36 टक्के, सक्तीच्या आदेशाखालच्या गटातही आणि दुसऱ्या गटातही. जिथे नर्स घरी येते, तिथे ही गत. मग आमच्या तालुक्यात सक्ती कशाची करणार? ‘साठा संपलाय, बाहेरून घ्या’ असा शिक्का मारलेल्या केसपेपरची?

खरं दुखणं कलम 18 मध्ये आहे. परवडणारे उपचार, मोफत औषधं, घरी येऊन पुनर्वसन, हाफवे होम म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा, हा सगळा हक्क कायद्यानं लिहून दिलाय. कलम 19 म्हणतं, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही म्हणून कुणाला आत ठेवता येणार नाही. आणि वास्तव? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, आणि त्यांत बरे होऊनही वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं, कारण न्यायला कुणी नाही आणि पाठवायला जागा नाही. मंडळांना गती मिळावी म्हणूनही मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. म्हणजे सक्तीनं आत नेणारे सगळे कागद तयार, बाहेर आल्यावर हात धरणारं कुणी नाही. आणि दोष कुणाचा? गोळी न घेणाऱ्या रुग्णाचा!

दर महिन्याचं एक लांब मुदतीचं इंजेक्शन तालुक्याला नक्की मिळालं, ते चुकलं तर दुसऱ्या दिवशी कुणी घरी येऊन विचारलं, आणि जिल्ह्यात एक बरं हाफवे होम उभं राहिलं, तर निम्म्या घरांतली ओढाताण आपोआप थांबेल. हे सगळं देऊन झाल्यावरही सक्ती लागते असं कुणी म्हणालं, तर मी ऐकून घेईन. तोवर नाही.

एक कलम मात्र जरूर वाचा. जिल्ह्यात या सेवा नसतील, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसायचा, असंही कलम 18 म्हणतं. तेव्हा औषधांची बिलं जपा, झेरॉक्स काढा, अर्जाला जोडा, पोच घ्या आणि सरकारच्या टेबलावर ठेवा. सक्तीचा एवढाच सोस असेल, तर ती आधी सरकारवर करू या.